मार्गदर्शनवाले सर

आमच्या शाळेत मार्गदर्शनाचं एक कपाट होतं आणि त्याला कायम कुलूप असायचं. दरवर्षी जूनमध्ये मुख्याध्यापक त्याची किल्ली कुणा तरी शिक्षकाच्या हातात ठेवायचे आणि तो शिक्षक चेहरा पाडून ती खिशात टाकायचा. मग फेब्रुवारीत एक दिवस ‘दहावीनंतर काय? बारावीनंतर काय?’ असा पोपडे आलेला तक्ता फळ्यावर लटके. कुणी तरी पाहुणा अर्धा तास बोले. टाळ्या, चहा, आणि तक्ता परत कपाटात.

आमचे सर नवीन आले त्या वर्षी किल्ली त्यांच्या गळ्यात पडली. नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही ना. सर जतच्या दुष्काळी भागातले, गणित शिकवणारे. आमचं गाव रत्नागिरी आणि राजापूरच्या मध्ये, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. देशावरून इकडे आलेले शिक्षक पहिल्या पावसातच बदलीचा विचार करायला लागतात. सरांनी आल्या आल्या कपाट उघडलं, दोनदा शिंकले, तक्ता बाहेर ओढला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडले, “आरं, ह्यात टंकलेखन लिहिलंय! टंकलेखन! कुठल्या जन्मातला हाय हा?”

मग तो तक्ता त्यांनी आमच्या वर्गाच्या फुटक्या खिडकीला ठोकला. पाऊस आत यायचा थांबला. “आत्ता उपयोगाला आला,” म्हणाले.

सर उंच, शिडशिडीत. आमच्या लाल मातीच्या गावात पांढरी पँट घालणारा तेवढा एकच माणूस. सोमवारी पांढरी असलेली पँट शनिवारपर्यंत गुडघ्याखाली चिऱ्याच्या रंगाची व्हायची. आवाज असा की ते अकरावीला शिकवायला लागले की शेजारच्या पाचवीतली मुलंही दचकून वह्या उघडायची. आणि उत्साह! हा माणूस कधी थकलेला मी पाहिलाच नाही. पुढे काय करणार असं त्यांनी विचारलं आणि आमच्यातलं कुणी सवयीनं “बघू” म्हणालं की ते घड्याळ पुढे करत. “बघू म्हंजे कधी? जेवायच्या आधी का नंतर?”

त्यांचं मार्गदर्शन कधीही सुरू होई. एकदा शाळेसमोरच्या खांबावर वीज मंडळाचा वायरमन चढला होता. सर गणित अर्धवट सोडून बाहेर धावले. “ओ दादा, उतरलात की आत या जरा!” तो बिचारा काही तक्रार असेल म्हणून घाबरत वर्गात आला. सरांनी त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि आम्हाला म्हणाले, “विचारा की!” आम्ही वह्यांत डोकी घातली. मग त्यांनीच विचारलं, “तुमच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय, ते आधी सांगा.”

वायरमन विचारात पडला. असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. “खांबावर चढणं न्हाय कंटाळवाणं,” तो म्हणाला. “पावसात लाईट गेली की लोक फोनवर तेच तेच बोलतात ना, ते.” आणि मग तो जो सुटला, तो तास संपल्याची घंटा झाली तरी उठेना. गुरांचा डॉक्टर, बोटीवरून सुट्टीवर आलेला खलाशी, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, असे कितीतरी जण त्या खुर्चीत बसून गेले. सर सगळ्यांना आधी कंटाळ्याबद्दल विचारत. “चांगलं काय ते सगळेच सांगत्यात,” असं त्यांचं म्हणणं. “कुठला कंटाळा आपल्याला सोसवंल, ते बघून काम निवडायचं.”

दुसरा त्यांचा हट्ट फोनचा. “भात लावता येतो, मासे साफ करता येतात, आणि अनोळखी माणसाला फोन करताना घाम फुटतो तुम्हाला! कॉलेजात गेल्यावर तुमच्या वतीनं कोण बोलणार? मामा?” असं म्हणून ते स्वतःचा मोबाईल टेबलावर ठेवत, स्पीकर चालू करत, आणि एकेकाला कुठल्या तरी लांबच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन लावायला लावत. वसतिगृहात जागा असते का, प्रवेशाला कोणकोणती कागदपत्रं लागतात, एवढंच विचारायचं. पहिल्या मुलाला पलीकडून कुणी तरी “बोला” म्हणालं. तो “बोलतो” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला.

मग माझी पाळी आली. पलीकडे एक बाई होती. तिनं विचारलं, “कोण बोलतंय?”

मी म्हटलं, “कुणी नाही.”

सगळा वर्ग हसून बाकांवर पडला. सर हसले नाहीत. त्यांनी फोन बंद केला, माझ्यासमोर सरकवला आणि त्यांच्या मानानं अगदी हळू म्हणाले, “परत लाव. या खेपेला कुणीतरी हो.”

मी परत लावला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वसतिगृहाचं विचारलं. बाईंनी सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “आणखी काही, मॅडम?” मॅडम! मला! मी घरी जाऊन आईला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, “कळलं गो बाय, आता भांडी घास.”

पण सरांचं खरं डोकं चाललं ते गणपतीत.

आमच्या गावातले निम्मे बाप मुंबईला. चाकरमानी. शिमग्याला आणि गणपतीला येतात, बाकी वर्षभर फोनवर असतात. आणि बाबा मुंबईला काय करतात असं विचारलं तर सगळ्या मुलांचं उत्तर एकच, ‘कंपनीत आहेत.’ सरांना हे कळलं तेव्हा ते वर्गात येरझारा घालायला लागले. “बाप रोज काय करतो ते तुम्हाला ठाऊक नाही आणि तुम्ही तुमच्या आयुष्याचं ठरवणार?”

गौरीगणपती पोचवून झाले होते, चाकरमान्यांच्या परतीच्या गाड्या सुटायच्या होत्या. त्या मधल्या दिवशी दुपारी सरांनी शाळेत सगळ्यांना बोलावलं. घरोघर स्वतः जाऊन सांगून आले होते. आयाही आल्या, मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पुढे दोन खुर्च्या होत्या. एकीत बाप बसणार आणि समोर त्याचं मूल. मुलानं विचारायचं, बापानं सांगायचं.

माझे बाबा बोलणारे नाहीत. घरी आले की छपरावरची कौलं परततात, गुरांचा गोठा साफ करतात, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून “अभ्यास कर” म्हणतात. ते खुर्चीत बसले तेव्हा त्यांची टोपी त्यांच्या हातात गोल गोल फिरत होती.

मी विचारलं, “बाबा, तुम्ही दिवसभर काय करता?”

“कंपनीत असतो.”

मागून सर म्हणाले, “कंपनीत भिंतीपण असतात हो. तुम्ही काय करता?”

लोक हसले. बाबाही थोडे हसले. मग म्हणाले, “लिफ्ट बसवतो.”

“म्हणजे कशी?”

“बिल्डिंग उभी राहते ना, तेव्हा मधोमध एक मोकळी जागा सोडतात. विहिरीसारखी. वरपासून खालपर्यंत. त्यात आम्ही उतरतो. लोखंडी रूळ लावतो दोन बाजूंना, त्यावरून लिफ्ट चालते.”

“कितव्या मजल्यावरून उतरता?”

बाबांनी मागे आईकडे बघितलं आणि आवाज कमी केला. “असतात… तीस. चाळीस पण असतात.”

“आगो बाय माजे!” भिंतीकडून आई म्हणाली. “म्हंजे तुमी दोरीला लटकता?”

“दोरी न्हाय गो, पट्टा असतो,” बाबा म्हणाले, आणि उठूनच उभे राहिले. “हा असा. कमरेला, खांद्यावरनं, मांडीला. हे बघ.” त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि अंगाभोवती गुंडाळून दाखवायला लागले. मग ते थांबलेच नाहीत. बाकावर चढले. वरून तार कशी सोडतात, तिच्या टोकाला ओळंब्याचं वजन कसं बांधतात, वारा आला की ती तार कशी थरथरते आणि ती शांत होईपर्यंत सगळे जण कसे श्वास धरून थांबतात, सगळं सांगायला लागले. “रूळ एवढासा जरी वाकडा बसला ना, तर लिफ्टची गाडी हिसके मारते. लिफ्ट झाली की आमी आत रुपया उभा ठेवतो. जमिनीवर, कडेवर उभा. आणि खालून वरपर्यंत नेतो. पडला न्हाय तर काम पास.”

“आणि पडला तर?” कुणी तरी विचारलं.

“माझा न्हाय पडत,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझा मुका बाप बाकावर उभा राहून हात पसरून चाळीस मजले दाखवत होता आणि अख्खा गाव तोंड उघडं टाकून ऐकत होता. टाळ्या वाजल्या. आई मात्र डोळे पुसत होती, आणि ते रागानं की कौतुकानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

टाळ्या थांबायच्या आत मी म्हटलं, “बाबा, मला पण हेच करायचंय.”

बाबा बाकावरून खाली उतरले. त्यांचा चेहरा एकदम बदलला. “न्हाय.”

“का?”

“एवढी वर्षं मी लटकतो ते कशासाठी? तुला बसायचं काम मिळावं म्हणून. सावलीत. पंख्याखाली.”

“अहो, पंखा म्हंजे काम नव्हे,” सर म्हणाले.

“सर, तुमी मधी नका पडू,” बाबा म्हणाले. पहिल्यांदाच कुणी सरांना असं बोलत होतं.

सर पुढे आले. मला वाटलं आता भाषण देतील. पण ते बाबांना म्हणाले, “तुमचं बरोबर हाय. हिनं काय बघितलंय? नुसतं ऐकलंय. तिला एकदा नेऊन दाखवा. बघून नको म्हणाली तर प्रश्न मिटला. मीपण येतो.” मग मला म्हणाले, “आणि तू, बघितल्याशिवाय हट्ट करायचा नाही.”

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला गेलो. बाबांनी त्यांच्या साहेबांची परवानगी काढली होती. जिथपर्यंत भिंती आणि कठडे झाले आहेत तिथपर्यंतच जायचं, या अटीवर. पिवळी शिरस्त्राणं घालून आम्ही बांधकामाच्या तात्पुरत्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर गेलो. विसाव्या मजल्याच्या पुढे गेल्यावर मला एक गोष्ट कळली: आमचे सर उंचीला प्रचंड घाबरतात. त्यांनी दोन्ही हातांनी एका खांबाला मिठी मारली, डोळे गच्च मिटले, आणि तशाच अवस्थेत जवळच्या कामगाराला विचारलं, “दादा, तुमच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय?”

मी कठड्यापाशी जाऊन त्या विहिरीत डोकावले. खाली अंधार होता आणि अंधारात कुठे तरी एक बारीक दिवा. मी दोन्ही हातांनी कठडा धरला. बाबा माझ्याकडेच बघत होते.

“भीती वाटते,” मी म्हटलं. खरंच वाटत होती.

बाबांचा चेहरा उजळला. “बघा सर. मिटलं.”

“मिटलं तर मिटलं,” सर डोळे न उघडता म्हणाले. “बघून ठरलं. भारी!”

खाली यायच्या आधी बाबांनी शेजारच्या पूर्ण झालेल्या इमारतीत लिफ्टच्या माथ्यावरची खोली दाखवायला नेलं. छोटीशी खोली, यंत्राचा मंद आवाज, आणि भिंतीशी एक करड्या रंगाची लोखंडी पेटी, कपाटासारखी. तिचं दार उघडं होतं. आत शेकडो तारा, रंगीत, नीट विंचरलेल्या केसांसारख्या बांधलेल्या, आणि मधेमधे हिरवे दिवे. एक तरुण इंजिनिअर मांडीवर लॅपटॉप घेऊन समोर बसला होता.

“ही पेटी सांगते तशी गाडी चालते,” बाबा म्हणाले. “कुठं थांबायचं, कधी दार उघडायचं, सगळं हीच ठरवते.”

मी तिथेच खाली बसले. विचारत सुटले. ही तार कुठे जाते, हा दिवा का लागला, दोन मजल्यांवरून एकदम बोलावलं तर आधी कुठे जायचं हे तिला कसं कळतं. तो इंजिनिअर हसत हसत उत्तरं देत होता. शेवटी त्यानं मला एक बटण दाबू दिलं. मी दाबलं, आणि खाली, इतके मजले खोल, काही तरी जडशीळ हललं. मला ते कानांनी नाही, तळपायांतून ऐकू आलं. आत्ता लिहितानासुद्धा ते ऐकू येतं.

“बाबा,” मी म्हटलं, “मला हे करायचंय.”

बाबांनी पेटीकडे बघितलं, त्या इंजिनिअरकडे बघितलं. मग त्यांनी छताकडे बघितलं. “इथं सावली आहे,” ते म्हणाले. “पंखा पण आहे.”

सर एवढ्या मोठ्यानं हसले की खालच्या मजल्यावरून कुणी तरी काय झालं म्हणून ओरडलं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेले. पहिल्या वर्षी गटांगळ्या खाल्ल्या, वसतिगृहात रडले, सरांना फोन केले. आता पुण्यात तशाच पेट्यांच्या चाचण्या घेते. कामातला सगळ्यात मोठा कंटाळा म्हणजे एकच चाचणी पुन्हा पुन्हा घेणं. तो मला सोसवतो.

सरांबद्दल इतकंच सांगून थांबले असते. पण गेल्या पावसाळ्यात एक फोन आला.

“ताई, मी सई. सरांची मुलगी.”

सरांची बायको जतकडेच शिक्षिका, त्यामुळे सई आईजवळ वाढली. सुट्टीत बापाकडे यायची. ती लहान असताना मी तिला पाहिलेलं. सड्यावर पाण्यात बसलेली असायची. आता ती बारावी झाली होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत मार्क चांगले पडले होते आणि सरांनी तिच्यासाठी कॉलेजही ठरवून टाकलं होतं.

“मला डॉक्टर नाही व्हायचं, ताई. मला प्राणिशास्त्र घ्यायचंय. बेडकांवर काम करायचंय. बाबा ऐकतच नाहीत.”

“कोण ऐकत नाही?” मी विचारलं. मला खरंच वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

शनिवारी मी गावी गेले. सर अजून त्याच शाळेत, त्यांची भाड्याची खोलीही तशीच. मला बघून त्यांना काय आनंद झाला! चहा टाकला, लिफ्टबद्दल दहा प्रश्न विचारले. मग मी सईचं नाव काढलं. सर एकदम उठून कप विसळायला लागले.

“बेडकांवर पोट भरतं का गं?” ते पाठमोरे म्हणाले.

मला हसू फुटणार होतं. असलं वाक्य गावातल्या प्रत्येक बापाच्या तोंडून मी ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते खोडायला समोर सर होते. पण ते वळले तेव्हा मला हसता आलं नाही.

“दुसऱ्यांच्या पोरांना सांगताना माझं काय जात होतं?” ते म्हणाले. “तुम्ही सगळी पडलात तरी उठून उभी राहणार, याची मला खात्री होती. हिची नाही वाटत. आमच्याकडं माणसं जन्मभर पावसासाठी आभाळाकडं बघत बसत्यात. मला नोकरी लागली म्हणून मी सुटलो. हिला परत आभाळाकडं बघत बसवू? डॉक्टर झाली की काळजी मिटली.”

सरांचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मी एवढंच विचारलं, “ती कुठे आहे आत्ता?”

“सड्यावर. आणि कुठं?”

“चला.”

झिमझिम पाऊस होता. सडा हिरवागार झाला होता. कातळातल्या खळग्यांत पाणी साठलं होतं आणि कडेनं बारीक निळी फुलं. सई एका खळग्याशी उकिडवी बसली होती. आम्हाला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. सर चालता चालता थांबले. मग पाऊल दाबत दाबत तिच्याशेजारी जाऊन बसले.

शेवाळावर नखाएवढा एक बेडूक होता. तो गळा फुगवायचा, आणि त्या एवढ्याशा जिवातून असा खणखणीत आवाज निघायचा की पलीकडच्या बांधापर्यंत जावा.

“कुणाला बोलावतोय?” सरांनी कुजबुजत विचारलं.

“बायकोला,” सई म्हणाली. मग तिनं हातानं दूरच्या कातळाकडे दाखवलं. “ऐका. तिकडे एक वेगळा आवाज आहे. थांबून थांबून येणारा. तो कुठल्या बेडकाचा आहे ते अजून कळलेलं नाही. मी रेकॉर्ड करून दोन प्राध्यापकांना पाठवला. त्यांनाही ओळखता आला नाही.”

“त्यांनापण?”

“नाही ना. दरवर्षी येऊन ऐकायला लागेल. शोधायला लागेल.”

सर ऐकत राहिले. पाऊस त्यांच्या मानेवरून आत जात होता, त्यांना पत्ता नव्हता. तो वेगळा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. सरांनी सईकडे बघितलं. ती डोळे मिटून बोटं मोजत होती, आवाज किती वेळानं येतो ते. बापाकडे तिचं लक्षच नव्हतं. सर तिच्या चेहऱ्याकडे बघत कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

आम्ही उतरायला लागलो. सई पुढे होती, पायात जुन्या चपला, एकीचा अंगठा तुटलेला. अर्ध्या वाटेवर सर थांबले.

“हिला गमबूट घ्यायला पायजेत,” ते म्हणाले. “गुडघ्यापर्यंतचे. सड्यावर फुरशी असत्यात, विषारी साप.”

सई वळली आणि बापाकडे बघत राहिली.

“बघतीस काय? रत्नागिरीची दुकानं बंद होतील.” सरांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा सगळ्या सड्यावर घुमला. “साडेपाचची एसटी मिळंल अजून. पळा!”

आणि आम्ही तिघं त्या निसरड्या उतारावरून एसटीच्या दिशेनं पळत सुटलो.